कोल्हापूर ते मालवण, नऊ महिन्यांचं बाळ आणि घाटात उलटी करणारी साडेपाच वर्षांची पोरगी: गाडीत बसवायचं कसं?

रंकाळाकाठ

डिसेंबरच्या सुट्टीत कोल्हापूरहून मालवणला जायचं आहे. आम्ही दोघं, आई (वय ६४, गुडघे दुखतात), साडेपाच वर्षांची मुलगी (१८ किलो, उंची ११० सेंमी) आणि नऊ महिन्यांचा मुलगा (साडेआठ किलो). गाडी हॅचबॅक. मागे दोन्ही बाजूंना आयसोफिक्स (कार सीट अडकवायच्या कड्या) असल्याचं माहितीपुस्तकात लिहिलंय, मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा. बाळासाठी कार सीट घ्यायची ठरवलीय, पण घरात सगळ्यांचं म्हणणं, "एवढंसं पोर, आजीच्या मांडीवर झोपून जाईल की." मुलीला घाट लागतो, हमखास उलटी होते. मोबाईल हातात दिला की तासभर शांत, पण घाटात तोच नडतो असं वाटतंय.

गगनबावड्याने जावं की राधानगरी-फोंड्याने? निघायचं किती वाजता? बाळाला वरचं दूध आणि नाचणी सत्त्व चालू आहे, ते वाटेत कसं सांभाळायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. "मुलांना गाणी लावा" एवढं सांगू नका, ते करून झालंय.

---

पट्टाबक्कल

आधी जागेचा हिशोब करा, बाकीचं त्यावर ठरतं. टेप घेऊन मागची सीट दारापासून दारापर्यंत मोजा. बहुतेक हॅचबॅकमध्ये ती सव्वाशे ते एकशे तीस सेंमी भरते. एक कार सीट साधारण ४४ सेंमी रुंद. दोन बसवल्या की मध्ये चाळीसेक सेंमी उरतात. त्यात मोठं माणूस बसतं, पण त्याच्या मांडीखाली मुलीच्या पट्ट्याचं बक्कल दबतं आणि लावताना हात पोचत नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी पाचही जणांनी गाडीत बसून सगळे पट्टे लावून बघा. जमलं नाही तर सात आसनी गाडी भाड्याने घ्या किंवा आईंना एसटीने पाठवा. पाच जणांपैकी कुणीतरी बिनपट्ट्याचं बसणार असेल तर ती व्यवस्था बाद समजा.

बसायची मांडणी अशी: आई पुढे, ड्रायव्हरशेजारी. बाळ त्यांच्या मागे, तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. मुलगी ड्रायव्हरच्या मागे. बाळाची आई मध्ये. उलट्या तोंडाची सीट लांबीला जास्त जागा खाते, त्यामुळे तिच्यापुढची सीट सरकवावी लागते. आईंचे गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील किंवा छाती आणि डॅशबोर्डमध्ये २५ सेंमीही उरत नसतील तर बाजू बदलून बघा. बाळाची सीट पुढे मात्र कधीही बसवू नका. समोर एअरबॅग असते, ती फुटली की थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

तोंड मागे का? नऊ महिन्यांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. समोरून धडक बसली की उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ तिन्ही एकदम सीटच्या पाठीवर दाबली जातात. सुलट्या सीटमध्ये धड पट्ट्याने अडतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. वजनाच्या जुन्या युरोपीय प्रमाणात छोट्या बाळांच्या सीटला १३ किलोपर्यंत मर्यादा असते. उंचीवर आधारलेल्या नव्या आर-१२९ प्रमाणात १५ महिन्यांच्या आत सुलटं बसवायला परवानगीच नाही. पाय दुमडले म्हणून उलटी सीट लहान झाली असं होत नाही. डोकं सीटच्या वरच्या कडेला यायला लागलं की झाली.

आता बसवताना जिथे चुकतं ते.

आयसोफिक्सची फट सीटकव्हरखाली गेलेली असते. आपल्याकडे कव्हर मापाने शिवून घट्ट ओढून बसवतात, शिवणाऱ्याला ती फट माहीत नसते. सीट आणि पाठ जिथे मिळतात तिथे बोटं घालून चाचपा, लोखंडी आडवी कडी लागेल. कव्हर तेवढं उसवून घ्या. भाड्याच्या गाडीत तर मागची बक्कलंच कव्हरखाली दडपलेली असतात, ठरवतानाच दाखवायला सांगा.

दोन्ही आकड्या अडकल्या की टक् असा आवाज येतो आणि खूण हिरवी होते. तेवढ्यावर थांबू नका. तिसरा आधार लागतो: काही सीटना खाली पाय असतो, तो फरशीला घट्ट टेकला पाहिजे, काहींना वरचा पट्टा असतो, तो सीटच्या पाठीमागे अडकवायचा. हॅचबॅकमध्ये ही कडी डिकीच्या बाजूला, पाठीच्या मागे असते आणि तिच्याजवळ नांगराचं चिन्ह असतं. सामान बांधायच्या हुकाला अडकवाल तर तो पहिल्याच धक्क्याला निघेल. शेवटी जिथे सीट गाडीला जोडली आहे तिथे धरून हलवा. अडीच सेंमीपेक्षा जास्त हलली तर ढिली आहे. वरच्या टोकाला थोडी हलणारच, तिकडे बघू नका.

गाडीच्या पट्ट्याने बसवायची सीट घेतली असेल तर एका गुडघ्याचा भार सीटवर टाकून पट्टा ओढा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पट्टा झटका बसला तरच अडतो, एरवी सैल सुटतो, म्हणून भार देऊन ताणल्याशिवाय ती सीट कधीच घट्ट बसत नाही.

बाळाचे खांद्यावरचे पट्टे: उलट्या सीटमध्ये खांद्याच्या रेषेत किंवा जरा खालून यायला हवेत. ताणल्यावर खांद्याशी पट्ट्याची चिमूट धरून बघा. चिमटीत घडी आली तर अजून ओढा. जाड स्वेटर घालून पट्टा लावू नका. स्वेटर दबतो आणि पट्टा प्रत्यक्षात दोन बोटं सैल राहतो. सुती झबल्यावर पट्टा लावा आणि वरून दुपटं टाका.

मुलीला आता पाठीचा बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी पाठ असलेली सीट. त्यातून गाडीचाच तीन ठिकाणी अडकणारा पट्टा येतो: खालचा पट्टा पोटावर नाही, मांडीच्या वरच्या हाडावर, वरचा मानेला न घासता खांद्याच्या मधून. नुसती गादीसारखी बिनपाठीची सीट ११० सेंमी उंचीला नको. झोप लागली की मूल बाजूला कलंडतं आणि पट्टा मानेवर येतो.

जुनी सीट कुणाकडून घेणार असाल तर तिच्यामागची तारीख बघा. प्लास्टिक वर्षानुवर्षं उन्हात ठिसूळ होतं, कंपनीने वापराची मुदत लिहिलेली असते. अपघातातून गेलेली सीट वरून धडधाकट दिसली तरी फुकटसुद्धा घेऊ नये.

---

जुना_गडी

एवढा सगळा फाफटपसारा? आपण सगळे आईच्या मांडीवर बसूनच मोठे झालो. घाटात गाडी चाळीसच्या वर जातच नाही. हळू चालवा, झालं.

---

पट्टाबक्कल

दादा, चाळीसचा हिशोब नको, पन्नासचा करू, कारण घाट मोजून दहा-बारा किलोमीटरचा आणि बाकी सगळा सपाट रस्ता. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली तर अंगावर येणारा ओढा वजनाच्या सरासरी चौदापट. साडेआठ किलोचं बाळ तेवढ्या क्षणापुरतं सव्वाशे किलोच्या आसपास होतं. हात कितीही घट्ट धरा, ते सुटणारच. आजीने पट्टा लावला नसेल तर तिचा भार बाळावर. एकाच पट्ट्यात दोघांना गुंडाळणं त्याहून वाईट, कारण पट्टा आणि मोठं माणूस यांच्यामध्ये मूल चिरडतं.

शिवाय कायदा: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा सीट नसेल तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे.

घरच्यांना आकडे पटत नाहीत, हे मान्य. त्यांना एवढंच सांगा की सीटमध्ये बाळाला सवय लागली की आजीचे गुडघे चार तास मोकळे राहतात. हे लगेच पटतं.

---

बालरोग_ओपीडी

सीटचं वर व्यवस्थित आलंय. मी पोट, दूध आणि ऊन याबद्दल लिहिते.

गाडी लागणं म्हणजे पोटाचा आजार नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण वळतोय, डोळे मोबाईलवर खिळलेले असल्याने ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांत हा त्रास सर्वात जास्त, दोनच्या आत क्वचित. म्हणून तुमचा अंदाज बरोबर आहे: मोबाईल, चित्रांचं पुस्तक, रंगकाम हे सगळं घाट सुरू व्हायच्या किमान पंधरा-वीस मिनिटं आधी बंद. मळमळ सुरू झाल्यावर काढून घेतलं तर उशीर झालेला असतो. पुढच्या दोन सीटांच्या मधून तिला समोरचा रस्ता दिसतो का ते तिच्या उंचीला डोकं नेऊन बघा. दिसत नसेल तर पुढच्या सीटचा हेडरेस्ट, बसणाऱ्याच्या डोक्याला आधार राहील एवढाच, खाली करा.

पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको. निघायच्या तासभर आधी एखादी इडली, अर्धं केळं, कोरडा टोस्ट किंवा मऊ भात. ग्लासभर दूध नको. वाटेत मिसळ दिसली की हात आवरत नाही हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण घाट उतरेपर्यंत तिखट आणि तेलकट मोठ्यांनीही खाऊ नये. बंद गाडीत त्या वासानेच मुलीला होईल. डॅशबोर्डवरची सुगंधी डबी दोन दिवस आधी काढून ठेवा. ती काढल्याने अर्ध्या मुलांचा त्रास कमी होतो असं मी म्हणणार नाही, पण काढायला पैसे पडत नाहीत. एसीची हवा आतल्या आत फिरवायचं बटण घाटात बंद ठेवा, बाहेरची हवा येऊ द्या.

औषधाबद्दल. प्रोमेथाझिन या गटातलं औषध गाडी लागण्यावर चालतं, पण ते दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात द्यायचं नसतं, त्याने श्वास मंदावू शकतो. मोठ्या मुलांना वजनानुसार, तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, प्रवासाआधी द्यायचं. उलटी सुरू झाल्यावर दिलेलं बहुधा बाहेरच येतं. काही मुलांना त्याने झोप येण्याऐवजी उलट चिडचिड आणि धावपळ सुरू होते, म्हणून पहिला डोस प्रवासाच्या दिवशी नको, आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी द्यायचा का ते डॉक्टरांना विचारा. घरात पडलेलं ओन्डॅन्सेट्रॉनचं सिरप जुलाब-उलट्यांत उपयोगी, गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. आलेपाकाची छोटी वडी चघळायला दिली तर चालेल, साडेपाच वर्षांच्या मुलीला.

बाळाने उलटी केली तर ती घाटाने झाली असं धरून चालू नका. बहुधा दूध जास्त झालेलं असतं किंवा पोटावरचा पट्टा पाजल्यावर लगेच आवळलेला असतो. उलटी हिरवी असेल तर मालवण राहू द्या, जवळचं रुग्णालय गाठा.

दूध: आईचं दूध पाजायचं तर गाडी थांबवून, बाळाला सीटमधून काढून. चालत्या गाडीत नको, एका मिनिटासाठीही नको. काढून ठेवलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंत चार तास, बर्फाच्या गोठवलेल्या पिशव्या घातलेल्या बंद थंड डब्यात चोवीस तास. पावडरचं दूध घरून कालवून आणू नका. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, मोजलेली पावडर वेगळ्या कोरड्या डबीत. कालवताना पाणी सत्तर अंशांच्या खाली गेलेलं नको, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली थंड पाण्याच्या वाडग्यात धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा. पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात उरलेलं फेकून द्या. पुढच्या थांब्यासाठी ठेवायचं नाही.

नाचणी सत्त्व शिजवून थर्मासमध्ये भरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ते कोमट होत जातं आणि कोमट, दुधाळ, गोड पेज म्हणजे जंतूंची पंगत. दोन तासांच्या आत संपणार असेल तरच न्या. सोपं म्हणजे वाटेत एक केळं कुस्करा. त्याला ना थर्मास लागतो ना गॅस. मध एक वर्षाच्या आत नाही, चाटवायलासुद्धा नाही.

मुलीला चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, गोळ्या, अख्खी द्राक्षं देऊ नका. खड्ड्यात गाडी आदळली की दाणा श्वासनलिकेत जातो, आणि मागे वळून बघायला ड्रायव्हरला वेळ नसतो. भडंगात दाणे असतात हे विसरायला होतं. साधे चुरमुरे किंवा खाकऱ्याचे तुकडे द्या. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एका लिटरमध्येच कालवा. अंदाजाने अर्धी पुडी ग्लासात टाकली की मीठ-साखरेचं प्रमाण चुकतं. चोवीस तासांनी उरलेलं ओता.

ऊन डिसेंबरमध्येही दुपारी मालवणात असतं. उन्हात बंद उभ्या गाडीत दहा मिनिटांत दहाएक अंश चढतात, काच बोटभर उघडी ठेवून फरक पडत नाही. "पटकन पाणी घेऊन येतो" म्हणून मुलांना आत ठेवायचं नाही. बसवण्याआधी बक्कलच्या धातूला आपला हात लावून बघा. बाळाच्या सीटवर ऊन येतं म्हणून वरून दुपटं पांघरू नका. आत हवा कोंडते आणि तुम्हाला तोंडही दिसत नाही. काचेला काढता येणारी जाळी लावा, काळी फिल्म नको.

आणखी एक. सलग दोन तासांपेक्षा जास्त बाळ सीटमध्ये नको. बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं सपाट झोपवा किंवा कडेवर घ्या. हनुवटी छातीला टेकलेली दिसली तर सीटचा कल चुकलाय. सीटच्या बाजूला कलाची रेष असते, ती सपाट जागी गाडी उभी करून जमिनीला समांतर आहे का बघा. उतारावर लावून बघाल तर फसाल. मानेखाली उशी घालून हे सुधारत नाही, डोकं आणखी पुढे ढकललं जातं.

---

रंकाळाकाठ

सीटकव्हर तपासलं. आयसोफिक्स दोन्ही बाजूंना कव्हरच्या खाली निघाली! उद्या उसवून घेतो. बाळाला सीट घरात आणून ठेवली तर सवय होईल का? आणि घाटाचं कुणीतरी सांगा.

---

पट्टाबक्कल

हो, चार-पाच दिवस घरातच जमिनीवर ठेवा. तुमच्या डोळ्यांसमोर, जागेपणी, दहा-दहा मिनिटं बसवा, खेळणं तिथेच द्या. मग रंकाळ्याला एक चक्कर, मग कळंब्यापर्यंत. पहिल्यांदाच चार तासांसाठी बांधलं तर रडणारच. झोपवायला मात्र सीट घरात वापरू नका.

चक्करमध्ये रडलं तर कारण शोधा: पट्ट्याला पीळ पडलाय का, डोळ्यांवर ऊन येतंय का, पाठ घामाने भिजलीय का. उलट्या सीटमध्ये एसीचा झोत पोचत नाही. पुढचे झोत सरळ न ठेवता छताकडे वळवा, पंखा एक घर वाढवा, निघण्याआधी दारं उघडून गरम हवा जाऊ द्या आणि पाच मिनिटं गाडी गार करा.

---

घाटमाथा

आता घाट. गगनबावड्यापर्यंत पंचावन्नेक किलोमीटर, पुढे करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल, मालवण. दुसरा रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. मुलांना घेऊन जाताना किलोमीटर बघू नका, तीन गोष्टी बघा: घाट चालू आहे का, थांबायला जागा कुठे आहे, आणि वळणं एकाच दमात संपतात की आधीपासून लांबतात. करूळ दरड किंवा दुरुस्तीमुळे अधूनमधून बंद असतो, तेव्हा वाहतूक भुईबावड्याने वळते आणि तो अरुंद. निघायच्या आदल्या दिवशी खात्री करा. राधानगरीच्या बाजूला घाट सुरू व्हायच्या आधीच दाजीपूरचं जंगल आणि वळणं लागतात, गाडी लागणाऱ्या मुलीला ते लांबतं. दोन्ही चालू असतील तर मी करूळ म्हणेन. शिवाय गगनबावड्याला घाटाच्या अगदी तोंडावर थांबता येतं.

निघायची वेळ. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम भरात. पहाटे अंधारात निघालात तर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, कडेने वाढं लोंबतंय, आणि ती ट्रॉली धुक्यात तुमच्यासमोर अचानक उगवते. बैलगाड्यांचंही तेच. उजाडल्यावर, साडेसहा-सातला निघा. बाळाची सकाळची पहिली झोप साडेआठ-नऊच्या आसपास असेल तर ती बरोबर गगनबावड्याच्या रस्त्यावर पडते. परतीला अंधार पडायच्या आत घाट चढून वर या. राधानगरीकडून येणार असाल तर रात्री गवे रस्त्यावर येतात, पिल्लू रस्ता ओलांडलं म्हणून निघालात तर मागून कळप येतो.

थांबा असा ठरवा: वाटेतलं कळे गाव सोडल्यावर गाडी थांबवायची नाही, गगनबावड्याला पंधरा-वीस मिनिटं पूर्ण थांबायचं. बाळ बाहेर, डायपर बदला, मुलगी पायी फिरू दे, पाण्याचे दोन घोट. मग घाट. घाट उतरल्यावर वैभववाडीला परत पाच मिनिटं. घाटात कडेला थांबू नका, वळणावर तर नाहीच.

चालवणाऱ्यासाठी: मुलीची उलटी बऱ्याच अंशी तुमच्या उजव्या पायात आहे. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका, वळण संपल्यावर हळूच वेग द्या. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनला गाडी धरू द्या. सतत ब्रेक मारत उतरलात तर ब्रेक तापतात आणि आत सगळ्यांची डोकी पुढे-मागे डुलत राहतात. पुढे ट्रक असेल तर राहू दे, दोन वळणं मागे राहा. वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. बाकी निवांत जावा की, मालवण कुठं पळून जात नाही.

उतरताना कानाला दडे बसतात. मुलीला घोटभर पाणी गिळायला द्या, जांभई द्यायला लावा. बाळाला चोखणी असेल तर ती द्या.

---

भेंड्यावाली

सगळं गांभीर्याने चाललंय, थोडं खेळाचंही बोलू. पण आधी एक साधी गोष्ट: मुलीचे पाय लोंबकळत असतील तर ती वीस मिनिटांत चुळबुळ करायला लागते, पुढच्या सीटला लाथा सुरू होतात आणि सगळे म्हणतात पोरगी व्रात्य आहे. गुडघ्यापासून खाली पायांना आधार नसला की मांडीच्या मागे रग लागते, मोठ्या माणसालाही उंच स्टुलावर लागते. पांघरुणांची मऊ पिशवी तिच्या पायाखालच्या जागेत घट्ट कोंबा, पावलं टेकली पाहिजेत. कडक बॅग नको. पाण्याची स्टीलची बाटली आणि जेवणाचे डबे डिकीत किंवा सीटखाली अडकवून ठेवा, मागच्या काचेजवळच्या फळीवर काहीही ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की तिथली वस्तू डोक्याच्या उंचीवरून पुढे येते.

खेळ रस्त्याप्रमाणे वाटून घ्या. सपाट रस्त्यावर नंबरप्लेट: एमएच ०९ आपली, १० सांगली, ११ सातारा, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, ५० कराड, केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी, आणि गोव्याची दिसली की पाच गुण. गंमत म्हणजे घाट उतरला की ०७ एकदम वाढतात, तिला ते स्वतःच लक्षात येऊ द्या. साडेपाचच्या मुलीला दोन आकडी संख्या वाचायचा सराव होतो हा वरचा नफा. पुणे-बेंगळुरू महामार्गावर जाणाऱ्यांसाठी याहून चांगला खेळ नद्यांचा: कोल्हापूरहून पुण्याकडे पंचगंगा, वारणा, कराडला कोयना, भुईंजजवळ कृष्णा, शिरवळला नीरा. पूल यायच्या आधी नाव सांगायचं.

घाटात डोळे खाली जाणारा एकही खेळ नको. गावांच्या भेंड्या खेळा: कळे, मग "ळ" अडला की सूट. किंवा बंद मुठीत काय आहे ते हाताने ओळखायचं: चिंचोका, बटण, शंख, रबर. हे पुढे बघत खेळता येतं. चिंचोका-बटण फक्त मोठीच्या हाती आणि खेळून झाल्यावर मोजून परत. बाळाच्या हाताला लागलं तर तोंडात जाईल. गोष्ट सांगायची तर आजीकडे द्या, पुढे बसलेली आजी मागे न वळता गोष्ट सांगते आणि पोरगी आपोआप समोर बघते. यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

नवीन वस्तू एकदम देऊ नका. पाच-सहा क्षुल्लक गोष्टी कागदात गुंडाळून ठेवा आणि प्रत्येक थांब्यानंतर एक. मेणाचे खडू उन्हात वितळून सीटला चिकटतात. अणकुचीदार पेन्सिली चालत्या गाडीत नकोत. पाटीवर बोटाने पुसता येणारं चित्र बरं. बाळाला यातलं काही नको, त्याला सीटच्या पट्ट्याला आखूड नाडीने बांधलेलं एक कापडी खेळणं पुरतं. नाडी वीतभरापेक्षा लांब नको, गळ्याभोवती यायला नको. आणि तुमच्या हातून खाली पडलेलं खेळणं चालत्या गाडीत वाकून उचलायचं नाही, रडू दे दोन मिनिटं.

---

रंकाळाकाठ

मनापासून आभार सगळ्यांचे. आई पुढे बसायला तयार झाली, गोष्टीच्या अटीवर. एक शेवटचं: उलटी झालीच तर? गेल्या वेळी सीटकव्हरचा वास महिनाभर गेला नव्हता.

---

पट्टाबक्कल

हाताशी ठेवा: आइस्क्रीमचा झाकणाचा मोठा डबा (पिशवीपेक्षा बरा, मूल दोन्ही हातांनी धरू शकतं आणि झाकण लागतं), चार जुने पंचे, बाटलीत साधं पाणी, एका घट्ट पिशवीत मुलीचे कपड्यांचे दोन जोड, घाण कपड्यांसाठी दुसरी पिशवी, वर्तमानपत्राचा गठ्ठा, खाण्याचा सोडा. हे सगळं डिकीत नको, मध्ये बसलेल्या माणसाच्या पायाशी हवं. लक्षणं आधी दिसतात: बडबडणारी मुलगी गप्प होते, चेहरा पांढरा पडतो, लाळ गिळते, जांभया देते. तेव्हाच डबा हातात द्या आणि काच उघडा.

सांडलंच तर आधी कागदाने टिपून घ्या, पुसू नका, पुसलं की फोममध्ये शिरतं. मग ओला पंचा, मग सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून काढा. बूस्टरचं कव्हर काढून धुता येतं. पण बाळाच्या सीटचे पट्टे भिजत घालू नका, मशीनमध्ये टाकू नका, साबणाचा फेस काढत घासू नका. धाग्याची ताकद कमी होते. ओल्या फडक्याने पुसायचे आणि सावलीत वाळवायचे.

परतीला एक गोष्ट नक्की होणार: किनाऱ्यावरची वाळू बक्कलमध्ये जाणार. आत दोन कण गेले तरी टक् आवाज येत नाही, किंवा येतो आणि ओढल्यावर सुटतं. मुलांना गाडीत बसवण्याआधी पाय, कपडे झाडून घ्या आणि निघण्यापूर्वी प्रत्येक बक्कल लावून ओढून बघा. अडकत असेल तर सीटच्या पुस्तकात बक्कल धुवायला परवानगी आहे का बघा. बहुतेक ठिकाणी असते. सीट उलटी करून बक्कल कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवा, लाल बटण दाबत-सोडत राहा, वाळू खाली बसते. मग नीट वाळवा. तेल, ग्रीस घालू नका, पुढची वाळू त्यालाच चिकटेल.